प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे शेअर डिमॅट करताना: आधी रजिस्टर, मग आयसिन

भागधारक चार-पाच, तेही घरचेच, आणि शेअर सर्टिफिकेटं कपाटातल्या फाइलीत. अशा कंपन्यांनाही आता डिमॅट, म्हणजे कागदी शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात आणणं, टळलेलं नाही. केंद्र सरकारने २७ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रॉस्पेक्टस आणि शेअरवाटपाच्या नियमांत ‘९ब’ हा नियम घातला. ‘स्मॉल कंपनी’ किंवा सरकारी कंपनी नसलेल्या प्रत्येक प्रायव्हेट कंपनीला तो लागू आहे. पहिली मुदत ३० सप्टेंबर २०२४ ची होती. ३१ मार्च २०२३ लाच नियमात बसणाऱ्या कंपन्यांसाठी ती पुढे ३० जून २०२५ पर्यंत वाढवली. तीही उलटून गेली, तरी अनेकांचं काम अडकलेलंच आहे. कारण बहुतेक जण सुरुवात आयसिनच्या, म्हणजे शेअरला मिळणाऱ्या ओळख क्रमांकाच्या, अर्जापासून करतात. खरी गाडी अडते ती कंपनीच्या जुन्या कागदांत.

आपल्याला हे लागू आहे का, ते आधी पाहा. स्मॉल कंपनीची मर्यादा भरणा झालेलं भांडवल ४ कोटी आणि उलाढाल ४० कोटी अशी होती. १ डिसेंबर २०२५ पासून ती १० कोटी आणि १०० कोटी झाली. दोन्ही अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. भांडवल १ लाख पण उलाढाल मर्यादेबाहेर, तर कंपनी ‘स्मॉल’ नाही. दुसऱ्या कंपनीची होल्डिंग किंवा सबसिडियरी असलेली कंपनी आकडे कितीही लहान असले तरी ‘स्मॉल’ ठरत नाही. घरच्या दोन कंपन्यांपैकी एकीने दुसरीचे निम्म्याहून जास्त शेअर धरले असतील, तर दोन्ही नियमात येतात. सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथंच.

ज्या आर्थिक वर्षाअखेर कंपनी ‘स्मॉल’ राहत नाही, तिथून १८ महिने मोजायचे: ३१ मार्च २०२५ असेल तर ३० सप्टेंबर २०२६. शेतकरी उत्पादक कंपन्यांना मात्र पाच वर्षं आहेत. आणि एकदा नियमात आलेल्या कंपनीची जबाबदारी मर्यादा वाढल्याने आपोआप संपली, असं नियमात लिहिलेलं नाही. त्या भरवशावर थांबू नये.

कागद जुळवणं

सभासदांचं रजिस्टर, एमजीटी-१, समोर घ्या. स्थापनेपासूनचं प्रत्येक वाटप आणि प्रत्येक हस्तांतर तारखेने लावा. शेअरची बेरीज कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) पोर्टलवरच्या भरणा भांडवलाशी शेअरगणिक जुळली पाहिजे. मग सर्टिफिकेटांवरचे अनुक्रमांक तपासा. सर्टिफिकेट ७ वर १०,००१ ते १५,००० आणि ८ वर १५,००० ते २०,००० असं छापलेलं असेल, तर १५,००० क्रमांकाचा शेअर दोघांच्या नावावर आहे. वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही; आरटीएच्या (शेअरच्या नोंदी सांभाळणाऱ्या एजंटच्या) सॉफ्टवेअरला पहिल्याच दिवशी दिसतं. जुन्या सर्टिफिकेटांचं मुद्रांक शुल्क आणि हस्तांतराचे एसएच-४ फॉर्म याच वेळी पाहून घ्या.

नंतर नावं. सर्टिफिकेटवर ‘व्ही. डी. कुलकर्णी’ आणि पॅनवर पूर्ण नाव, हे ओळखीच्या कागदांवर निभावतं. पण पत्नीचे शेअर माहेरच्या नावावर आणि पॅन सासरच्या नावावर असेल, तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद जोडून आधी कंपनीच्या रजिस्टरमध्ये नाव बदला. संयुक्त धारकांची नावं तीच पण क्रम वेगळा असेल, तर डीपीकडे (डिमॅट खातं ज्यांच्याकडे आहे त्या बँकेकडे किंवा ब्रोकरकडे) ट्रान्सपोझिशनचा, म्हणजे क्रम बदलण्याचा, फॉर्म मिळतो. धारक वारले असतील तर शेअर आधी वारसांच्या नावावर करायचे, डिमॅट त्यानंतर. सर्टिफिकेट हरवलं असेल तर बोर्डाच्या ठरावाने दुसरी प्रत काढून एसएच-२ या रजिस्टरमध्ये नोंदवा.

भाऊ किंवा मुलगी परदेशात स्थायिक असेल, तर जाण्याआधी उघडलेलं निवासी डिमॅट खातं चालत नाही. शेअर परदेशात पैसे नेता येण्याच्या अटीवर घेतले होते की नाही, यावर अनिवासी भारतीयाचं एनआरई (पैसे नेता येणारं) की एनआरओ खातं ते ठरतं.

आयसिन

आर्टिकल्समध्ये (कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत) डिमॅटला वाव नसेल तर विशेष ठरावाने ती दुरुस्त करा आणि ठराव नोंदवण्याचा फॉर्म एमजीटी-१४ तीस दिवसांत भरा. सेबीकडे नोंदणी असलेला आरटीए नेमा. मग एनएसडीएल किंवा सीडीएसएल (डिमॅट शेअर सांभाळणाऱ्या दोन डिपॉझिटरी), आरटीए आणि कंपनी यांचा त्रिपक्षीय करार होतो. सोबत मास्टर क्रिएशन फॉर्म, लेखापरीक्षित ताळेबंद, सीएचं नेटवर्थ प्रमाणपत्र आणि ठरावाच्या प्रती लागतात. भागधारकांची खाती दोन्हीकडे विखुरलेली असतील तर दोन्हीकडे नोंदणी करा. इक्विटीला एक आयसिन, प्रेफरन्सला वेगळा, अर्धवट भरणा झालेल्या शेअरला आणखी वेगळा. डिपॉझिटरी आणि आरटीएकडे किमान दोन वर्षांच्या फीइतकी अनामत कायम ठेवावी लागते.

आयसिन आला की सगळ्या भागधारकांना कळवा; नियमातच तसं आहे. प्रत्येकाने आपल्या डीपीकडे डीआरएफ (डिमॅटचा अर्ज) भरून मूळ सर्टिफिकेट द्यायचं. सही कंपनीच्या नोंदीतल्या सहीसारखीच हवी. डीपी सात दिवसांत कागद पुढे पाठवतो, आणि ते मिळाल्यापासून कंपनीने किंवा आरटीएने पंधरा दिवसांत खातरजमा करायची. घरगुती कंपनीत ही मुदत हमखास चुकते, कारण आरटीएचा ईमेल ज्याच्याकडे जातो, तो माणूस ईमेल उघडतच नाही. एक माणूस त्या कामाला लावा.

सगळ्या भागधारकांनी लगेच डिमॅट करायची सक्ती नाही, पण न करणाऱ्याला शेअर विकता येत नाहीत आणि नवे घेताही येत नाहीत. प्रवर्तक, संचालक आणि केएमपी (मुख्य व्यवस्थापकीय अधिकारी) यांचं मात्र एकूण एक शेअर डिमॅट झालेलं असल्याशिवाय कंपनीला राइट्स, बोनस, बायबॅक काहीच काढता येत नाही. गुंतवणूकदाराचा पैसा येऊन ठेपला असताना हे लक्षात आलं, तर तो व्यवहार महिनोन्महिने लटकतो. दंड कंपनी कायद्याच्या कलम ४५० खाली लागतो: १०,००० रुपये, नंतर रोज १,०००, कंपनीला कमाल २ लाख आणि जबाबदार अधिकाऱ्याला ५०,०००. बहुतेकांना दंडापेक्षा हे अडकणंच महागात पडतं.

पीएएस-६

दर सहामाहीनंतर साठ दिवसांत, म्हणजे ३० मे आणि २९ नोव्हेंबरपर्यंत, शेअरचा ताळमेळ दाखवणारा हा फॉर्म प्रॅक्टिसमधल्या कंपनी सेक्रेटरी (सीएस) किंवा सीएच्या प्रमाणपत्रासह भरायचा, प्रत्येक आयसिनसाठी वेगळा. डिमॅट आणि कागदी शेअरची बेरीज वाटप झालेल्या भांडवलाशी जुळली पाहिजे. फरक असेल तर कारण लिहायचं. आयसिन आला पण अजून एकाही भागधारकाने डिमॅट केलं नाही, तरी फॉर्म भरावाच लागतो. तेव्हा सगळे शेअर कागदी रकान्यात दाखवायचे.