सोनेरी पोथीचे जुने मालक कसे शोधायचे

मध्ययुगीन युरोपातलं सोन्याचा वर्ख लावलेलं हस्तलिखित समोर आलं, प्रत्यक्ष असो नाहीतर एखाद्या लायब्ररीच्या साइटवरचे स्कॅन असोत, की आपण सगळे आधी चित्रांकडेच धावतो. बघा, मनसोक्त बघा. पण ही पोथी पाचशे-सहाशे वर्षं कुणाकुणाच्या घरात राहिली हे शोधायचं असेल तर चित्रं बाजूला ठेवायची आणि जिथे काहीच सुंदर नाही तिथे जायचं, म्हणजे कव्हरची आतली बाजू, पुढची-मागची कोरी पानं, समास, खाडाखोड. मालक तिथे सापडतात.

सुरुवात कव्हरच्या आतून करा. चिकटवलेली बुकप्लेट (मालकाच्या नावाची छापील चिठ्ठी), पेन्सिलीने लिहिलेले आकडे, लिलावाच्या कॅटलॉगमधून कापून डकवलेलं कात्रण, जे दिसेल ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, अर्थ लागो न लागो, कारण आज निरर्थक वाटणारा आकडा पुढे कधीतरी किल्ली ठरतो. सर थॉमस फिलिप्स (1792–1872) या इंग्रज संग्राहकाने जवळपास 60,000 हस्तलिखितं जमवली आणि त्यांना नंबर दिले, तो गेल्यावर हा साठा विकायलाच शंभर वर्षांहून जास्त काळ लागला, त्यामुळे फिलिप्स नंबर असलेल्या पोथ्या आज जगभर विखुरलेल्या आहेत. असा नंबर सापडला की एक मालक पक्का झाला.

लायब्ररीचा शेल्फमार्क, म्हणजे पुस्तकाचा जागा-क्रमांक, तोही नीट वाचा. लिंडिसफार्न गॉस्पेल्स हे बायबलच्या शुभवर्तमानांचं प्रसिद्ध हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि त्याचा शेल्फमार्क आहे कॉटन नीरो डी 4. सतराव्या शतकातल्या सर रॉबर्ट कॉटनच्या संग्रहात कपाटांवर रोमन सम्राटांचे अर्धपुतळे होते, तर हे पुस्तक नीरोच्या कपाटात, वरून चौथ्या फळीवर, चौथं. कपाट केव्हाच गेलं पण पत्ता अजून तोच आहे, मला हे दर वेळी भारी वाटतं.

बाइंडिंगवर मात्र फार विसंबू नका. नवा मालक आला की नवं बाइंडिंग हे सर्रास चालायचं, म्हणजे बाइंडिंगवरून ते ज्याने करून घेतलं तो एक मालक कळतो, आधीचे नाही.

आता कॅलेंडर. प्रार्थनेच्या पुस्तकांत, खास करून बुक ऑफ अवर्समध्ये (घरी दिवसाच्या ठराविक वेळी म्हणायच्या प्रार्थनांचं पुस्तक), सुरुवातीलाच बारा महिन्यांचं कॅलेंडर असतं आणि महत्त्वाचे संत बऱ्याचदा लाल किंवा सोनेरी अक्षरात असतात. 3 जानेवारीला सेंट जेनेव्हिएव्ह ठळक असेल तर पॅरिसकडे बघा, 20 मार्चला कथबर्ट असेल तर उत्तर इंग्लंडकडे. पण एक सांगतो, कॅलेंडरवरून पुस्तक कुणाच्या वापरासाठी होतं हे कळतं, कुठे बनलं हे नाही. फ्लँडर्समधल्या (आजचं बेल्जियम) ब्रुज शहरात इंग्लंडच्या गिऱ्हाइकांसाठी ढिगाने अशी पुस्तकं बनायची, संत इंग्लंडचे आणि चित्रकार फ्लँडर्सचे.

कॅलेंडरमध्येच 29 डिसेंबर झूम करून बघा. तो थॉमस बेकेटचा दिवस, राजाविरुद्ध चर्चची बाजू घेऊन मारला गेलेला इंग्लंडचा संत. 1538 मध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने त्याचं नाव पुस्तकांतून काढून टाकायचा हुकूम काढला, म्हणून बऱ्याच पोथ्यांत त्या ओळीवर चर्मपत्र (पानासाठी वापरलेलं जनावराचं कातडं) खरवडलेलं दिसतं, पृष्ठभाग खडबडीत झालेला, खाली शाईची पुसट सावली. कुठे कुठे नुसती एक बारीक रेघ मारलेली असते, हुकूम पाळल्यासारखं करून नाव वाचता येईल असं ठेवलेलं. पोप हा शब्दही असाच खोडलेला सापडतो. अशी खूण दिसली की ही पोथी तेव्हा इंग्लंडमध्ये होती हे जवळजवळ नक्की, मालकाचं नाव कुठेच नसलं तरी. आणि त्याच पानांवर घरच्या लोकांनी नंतर लिहिलेले जन्म-मृत्यू सापडले तर मग काय, अख्खं कुटुंब हाती लागलं.

मग कुलचिन्हं, म्हणजे घराण्याची खूण रंगवलेल्या ढाली. समासाच्या वेलबुट्टीत किंवा पहिल्या मोठ्या चित्राखाली त्या असतात. इथे घाई करू नका, कारण पोथी विकत घेणारा जुन्या ढालीवर स्वतःची रंगवून घ्यायचा. ढालीचा रंग आजूबाजूपेक्षा जाड वाटतो का, खालून दुसरा रंग डोकावतो का, कडा बुट्टीवर चढल्यात का, हे बघायचं. पानाच्या उलट बाजूलाही बघा, कधी कधी जुना रंग तिथून उमटलेला असतो. नाव खरवडलेलं असेल तर लायब्ररीकडे अल्ट्राव्हायोलेट प्रकाशातला फोटो मिळेल का विचारा, त्यात चर्मपत्र चमकतं आणि जुन्या लोहयुक्त शाईचा उरलेला अंश काळा दिसतो, साध्या डोळ्यांना न दिसणारं नाव असं वाचता येतं.

ही पुढची युक्ती मला सगळ्यात आवडते. जुन्या याद्यांमध्ये नुसतं 'एक बायबल' लिहून भागायचं नाही, बायबलं तर डझनभर असायची, म्हणून कारकून दुसऱ्या पानाचे पहिले शब्द लिहून ठेवायचे. हाताने लिहिलेल्या दोन प्रतींत दुसरं पान एकाच शब्दाने सुरू होणं अवघड, आणि पहिलं पान फाटलं तरी दुसरं टिकतं. तेव्हा तुमच्या पोथीच्या दुसऱ्या पानाचे पहिले दोन-तीन शब्द आधी उतरवून घ्या आणि मग मठांच्या, कॉलेजांच्या, राजघराण्यांच्या छापलेल्या याद्यांत शोधा. जुळले तर चौदाव्या-पंधराव्या शतकातला मालक एका फटक्यात सापडतो.

एवढं जमलं की मालकांची नावं सालवार मांडा आणि मधल्या रिकाम्या जागा बघा. हेन्रीने 1536 ते 1540 मध्ये मठ बंद केले, फ्रान्समध्ये 1789 नंतर चर्चची मालमत्ता जप्त झाली, बव्हेरियात 1803 मध्ये मठांच्या लायब्ऱ्या सरकारजमा झाल्या, पोथ्या तेव्हा तिथून बाहेर पडल्या. युद्धातली लूटही आहेच, कोडेक्स गिगास हे प्रचंड मोठं हस्तलिखित 1648 मध्ये स्वीडिश सैन्याने प्रागमधून उचललं ते आजही स्टॉकहोममध्ये आहे. 1933 ते 1945 मध्ये, म्हणजे नाझींच्या काळात, पोथी कुठे होती हे कळत नसेल तर तिथे थांबून खोदायलाच हवं. रॉथ्सचाइल्ड या ज्यू कुटुंबाचं प्रार्थनापुस्तक, रॉथ्सचाइल्ड प्रेयरबुक, नाझींनी 1938 मध्ये व्हिएन्नात जप्त केलं आणि ऑस्ट्रियाने ते कुटुंबाला परत दिलं 1999 मध्ये.

आणि लिहिलेलं नाव खरंच आहे असं धरून चालू नका. एकोणिसाव्या शतकात गुल्येल्मो लिब्री या इटालियन माणसाने फ्रान्सच्या सरकारी लायब्ऱ्यांतून हस्तलिखितं चोरली, खुणा खरवडल्या आणि ती इटलीतली वाटावीत म्हणून खोट्या नोंदी घातल्या, मग 1847 मध्ये इंग्लंडच्या लॉर्ड अ‍ॅशबर्नहॅमला मोठा साठा विकला. पुढे फ्रेंच ग्रंथपाल लिओपोल्ड द्लील यांनी यातल्या चोरीच्या पोथ्या ओळखल्या आणि 1888 मध्ये बऱ्याच परत फ्रान्सला आल्या. म्हणून एखादी नोंद पुस्तकाच्या बाकी पुराव्याशी जुळत नसेल, समजा संत सगळे फ्रान्समधल्या तूर शहराचे आणि नाव फ्लॉरेन्सच्या मठाचं, तर नावावर संशय घ्या, संतांवर नाही.

हातात एकच सुटं पान असेल तर? तेही शोधता येतं. ओटो एगी (1888–1951) या अमेरिकन माणसाने पोथ्या सोडवून पानं वेगवेगळी विकली, पन्नास पोथ्यांतलं एकेक पान असे पेटीत घालून 40 संच केले. मला याचं फार वाईट वाटतं, पण पानं अजून सापडतायत. बोव्हे मिसल हे चर्चच्या मिस्सा-प्रार्थनांचं पुस्तक 1942 पर्यंत अखंड होतं, तेव्हा अमेरिकन वृत्तपत्रमालक विल्यम रँडॉल्फ हर्स्टकडून विकलं गेलं आणि सुटं झालं, आता त्याची शंभराहून जास्त पानं पुन्हा ओळखली गेलीत. तुमच्या पानाची लांबी-रुंदी, मजकुराच्या चौकटीची मापं आणि एका पानावर किती ओळी आहेत ते मोजा, शेजारी पट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मग ही मापं घेऊन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या शोनबर्ग या हस्तलिखितांच्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये जुन्या विक्रीच्या नोंदी चाळा. ओळींची संख्या आणि चौकट दोन्ही जुळली तरच पुढे जा, नुसती बुट्टी सारखी दिसते म्हणून नाही.