मोबाइल रिसीव्हरचं फ्रंट-एंड डिझाइन करताय? या चुका टाळा

पुण्यात आरएफ, म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीची सर्किट्स शिकणाऱ्या मुलांना नारायणगावजवळच्या खोडदचं, म्हणजे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं आकर्षण असतं, आणि ते असायलाच हवं. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना एकदा जवळून पाहिल्या की रिसीव्हर या विषयाचं वेड लागतं. पण तिथून एक समजूतही सोबत येते: नॉइज फिगर (रिसीव्हर स्वतः सिग्नलमध्ये किती नॉइज मिसळतो त्याचं माप) कमी म्हणजे रिसीव्हर चांगला. ती जागाच मुळात रेडिओ गोंगाट कमी म्हणून निवडलेली आहे. मोबाइलच्या बोर्डवर मात्र सगळ्यात मोठा शत्रू अँटेनामागेच बसलेला असतो, तो म्हणजे आपलाच ट्रान्समीटर. फ्रंट-एंडच्या, म्हणजे अँटेनालगतच्या पहिल्या टप्प्यांच्या, बहुतेक चुकांचं मूळ त्याला विसरण्यात आहे.

४जीचा बँड ३ हा फ्रिक्वेन्सी पट्टा घ्या. फोन १७१० ते १७८५ मेगाहर्ट्झवर पाठवतो आणि १८०५ ते १८८० वर ऐकतो. मधली मोकळी जागा फक्त २० मेगाहर्ट्झ. बँड १ मध्ये हीच जागा १३० मेगाहर्ट्झ आहे. १० मेगाहर्ट्झच्या एलटीई (४जी) चॅनलसाठी बँड १ ला −९७ डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेतले डीबी) संवेदनशीलता, म्हणजे ऐकू यायलाच हवा असा सगळ्यात क्षीण सिग्नल, लागते, बँड ३ ला −९४ चालते. ही ३ डीबीची सूट मानकानेच दिली आहे, कारण इतक्या अरुंद जागेत डुप्लेक्सर, म्हणजे पाठवणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा फिल्टर, किती करणार?

आता थोडा हिशोब करू. अँटेनाशी २३ डीबीएम पॉवर, डुप्लेक्सरचं आयसोलेशन ५० डीबी. म्हणजे एलएनएच्या (रिसीव्हरच्या पहिल्या, कमी नॉइजच्या अॅम्प्लिफायरच्या) तोंडाशी आपलाच −२७ डीबीएमचा सिग्नल येऊन पडतो. तिकडे ९ मेगाहर्ट्झ रुंदीतला थर्मल नॉइज −१०४.५ डीबीएम. डुप्लेक्सरनंतरची नॉइज फिगर ४ डीबी धरली तर नॉइजची पातळी −१००.५ होते. डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हरमध्ये (जो सिग्नल एकाच टप्प्यात बेसबँडवर, म्हणजे शून्याजवळच्या फ्रिक्वेन्सीवर आणतो) या लीकेजचं दुसऱ्या क्रमाचं इंटरमॉड्युलेशन, म्हणजे सिग्नल स्वतःशीच मिसळून होणारी विकृती, थेट बेसबँडमध्ये उतरतं. आयआयपी२ (ही विकृती किती कमी ते सांगणारा आकडा, जास्त तितका चांगला) जर ५० डीबीएम असेल तर ढोबळमानाने ते −१०४ वर येतं आणि नॉइज दीडेक डीबीने वाढतो. आयआयपी२ ४० वर आला की तेच −९४ वर, आणि संवेदनशीलता सात डीबीहून जास्त घसरते. एलएनएची नॉइज फिगर ०.२ डीबीने सुधारायला आठवडे घालवणाऱ्यांनी हे दोन आकडे टेबलासमोर चिकटवून ठेवावेत.

बोर्ड आल्यावर नेमकं काय बिघडलंय ते कसं ओळखायचं? मला सगळ्यात उपयोगी वाटते ती चाचणी अगदी साधी आहे. ट्रान्समिट पॉवर १ डीबीच्या पायऱ्यांनी कमी करत जा आणि प्रत्येक वेळी रिसीव्हरमध्ये भर पडलेला नॉइज मोजा. तो प्रत्येक पायरीला २ डीबीने उतरत असेल तर दोष दुसऱ्या क्रमाच्या लिनिअॅरिटीचा. साधारण १ डीबीनेच उतरत असेल तर पॉवर अॅम्प्लिफायरचा रिसीव्ह बँडमधला नॉइज डुप्लेक्सरमधून सुटतोय. आणि ट्रान्समीटर पूर्ण बंद करूनही संवेदनशीलता खराबच असेल तर डीसी-डीसी कन्व्हर्टर, मेमरी क्लॉक, डिस्प्लेची केबल यांच्याकडे वळा. हे न करता थेट एलएनए बदलायला जाऊ नका.

५जी आल्यापासून आणखी एक सापळा आहे. बँड ३ च्या अपलिंकचा (फोन पाठवतो त्या बाजूचा) दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट फ्रिक्वेन्सीचा सिग्नल, ३४२० ते ३५७० मेगाहर्ट्झवर पडतो, म्हणजे थेट एन७८ या ५जी बँडच्या पोटात. दोन्ही बँड एकाच वेळी चालणार असतील तर ४जीच्या वाटेवर हार्मोनिक फिल्टर हवाच. पण नुसत्या फिल्टरने भागत नाही. दोन्ही ट्रेस शेजारून गेले किंवा शील्डचं झाकण नीट बसलं नाही, तर हार्मोनिक फिल्टरला वळसा घालून पोचतो.

लेआउटमध्ये एका गोष्टीवर मी नेहमी अडून बसतो: एलएनएच्या खालचं ग्राउंड पॅड. १.६ मिलिमीटर जाडीच्या बोर्डात एकटी व्हाया (बोर्डाचे थर जोडणारं तांब्याचं छिद्र) साधारण १ नॅनोहेन्रीची असते. १८४० मेगाहर्ट्झला ते साडेअकरा ओहम होतात. एवढा अडथळा ग्राउंडच्या वाटेत ठेवला तर गेन घसरतो, मॅचिंग (इम्पीडन्सची जुळणी) हलतं आणि कधी एलएनए भलत्याच फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट होतो. भरपूर व्हाया द्या, त्याही पॅडच्या आतच, आणि लगेच खालच्या थरावर सलग ग्राउंड ठेवा. स्थिरता फक्त आपल्या बँडमध्ये तपासणं हीसुद्धा चूकच. सिम्युलेशन शंभरेक मेगाहर्ट्झपासून १० गिगाहर्ट्झपर्यंत चालवा.

एलएनएच्या आधी जेवढे डीबी गेले तेवढी नॉइज फिगर वाढली, हे सगळ्यांना पाठ असतं. तरीही मॅचिंगचा इंडक्टर 'व्हॅल्यू तीच आहे ना' म्हणून बदलला जातो. प्रयोगापुरते बुधवार पेठेतल्या दुकानांतून आणलेले सुटे पार्ट ठीक आहेत, पण मॅचिंगसाठी नाही. तिथे क्यू (इंडक्टर किती कमी सिग्नल वाया घालवतो त्याचं माप) महत्त्वाचा आणि उत्पादकाची एस-पॅरामीटर फाइल (फ्रिक्वेन्सीनुसार पार्ट कसा वागतो ते देणारी) हाताशी हवी. पर्यायी पार्ट चालणार नाही, असं खरेदी विभागासाठी बीओएममध्येच, म्हणजे पार्टच्या यादीतच, स्पष्ट लिहा.

गेनचा हव्यासही टाळा. एलएनएचा गेन वाढवला की पुढच्या मिक्सरचा (फ्रिक्वेन्सी खाली आणणाऱ्या टप्प्याचा) नॉइज झाकला जातो हे खरं, पण लीकेजही तेवढंच वाढून मिक्सरवर आदळतं. मिक्सर आणि त्यापुढच्या टप्प्यांचा नॉइज फिगरमधला वाटा काही दशांश डीबीवर आला की थांबा.

राहिलं मोजमाप. हिंजवडी असो की कोथरूड, लॅबच्या खिडकीतून टॉवर दिसतोच. उघड्या टेबलावर मोजलेल्या नॉइज फिगरमध्ये तो टॉवर आणि तुमच्या खिशातला फोन दोन्ही मिसळलेले असतात. शील्ड बॉक्स वापरा. १ डीबीच्या आसपासची नॉइज फिगर मोजायला १५ डीबीऐवजी ५-६ डीबी ईएनआरचा (जादा नॉइजच्या प्रमाणाचा) नॉइज सोर्स घ्या. त्याचा इम्पीडन्स चालू-बंद करताना फारसा बदलत नाही, त्यामुळे आकडा भरवशाचा येतो. आणि बोर्डवरचा तो चिमुकला यू.एफएल कनेक्टर साधारण ३० वेळाच लावण्या-काढण्यासाठी बनवलेला असतो. डिबगिंगच्या धांदलीत ही मर्यादा दोन दिवसांत ओलांडली जाते आणि मग वाचनं दर वेळी वेगळी येऊ लागतात. चाचणीच्या बोर्डांवर तिथे एसएमए कनेक्टर बसवा.