कुटुंबाची गाडी आणि ट्रॅव्हल ट्रेलर: वजनाचा मेळ कसा घालावा

ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचे चाकांवरचे छोटे घर, घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न हमखास एकच असतो: आपली गाडी किती किलो ओढू शकते? गाडीच्या माहितीपत्रकात हा आकडा ठळक छापलेला असतो, आणि ट्रेलरच्या माहितीपत्रकातले वजन त्याहून कमी दिसले की सौदा पक्का होतो. परंतु हे दोन्ही आकडे ज्या परिस्थितीत काढलेले असतात, ती सहलीला निघालेल्या कुटुंबाच्या वाट्याला क्वचितच येते. ओढण्याची क्षमता ठरवताना गाडीत साधारणपणे चालक आणि फार तर एक सहप्रवासी धरलेला असतो. ट्रेलरचे छापील वजन तर बहुधा रिकाम्या ट्रेलरचे असते, म्हणजे त्यात पाणी, भांडी, अंथरुणे, खुर्च्या यांपैकी काहीच धरलेले नसते. म्हणून हिशेबाची सुरुवात गाडीत बसणाऱ्या माणसांपासून करावी आणि ट्रेलरचे वजन सर्वांत शेवटी काढावे.

अनेक गाड्यांमध्ये चालकाचा दरवाजा उघडल्यावर खांबावर एक स्टिकर दिसते. माणसे आणि सामान मिळून गाडीत जास्तीत जास्त किती वजन चालेल, ते त्यावर लिहिलेले असते. यालाच पेलोड म्हणतात. हा आकडा त्या विशिष्ट गाडीचा असतो, त्यामुळे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचा आकडा वेगळा असू शकतो. गाडी विकत घेतल्यानंतर छतावर कॅरियर किंवा बाजूला पायऱ्या बसवल्या असतील, तर त्यांचे वजन यातूनच वजा करावे लागते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा जो भार हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या गाडीमागच्या जोडणीवर, पडतो, तोही पेलोडमध्येच मोजला जातो. घोडे पेंड खाते ते इथेच: इंजिन ट्रेलर सहज ओढत असते, पण मागच्या अॅक्सलवर (चाकांच्या आसावर), स्प्रिंगांवर आणि टायरांवर मर्यादेपेक्षा जास्त ओझे आलेले असते.

हिचवरचा हा भार नेहमीच्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये, भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. (युरोपीय घडणीच्या कॅरॅव्हॅनमध्ये हे प्रमाण बरेच कमी असते, तिथे उत्पादकाने दिलेला आकडाच पाळावा.) भार कमी पडला तर ट्रेलर मागून डुलू लागतो, आणि जास्त झाला तर गाडीचे नाक वर उचलले जाऊन पुढच्या चाकांची पकड कमी होते.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. गाडीची ओढण्याची क्षमता २,३०० किलो आणि पेलोड ६०० किलो आहे. दोन मोठी माणसे आणि दोन मुले मिळून २२० किलो, डिकीतले सामान ८० किलो आणि हिचची जोडणी ४० किलो धरली, तर ६०० पैकी २६० किलो उरतात. हिचवर यापेक्षा जास्त भार येता कामा नये. १३ टक्क्यांचा हिशेब केला तर ट्रेलर भरून २,००० किलोंचा चालेल. १५ टक्के धरले तर साधारण १,७३० किलोंवरच थांबावे लागेल. छापील २,३०० किलोंपासून हा आकडा किती दूर आहे ते पाहावे. माझ्या मते सावधपणे १५ टक्केच धरावेत, कारण घरून निघताना मोजलेले सामान वाटेत कमी झाल्याचे सहसा दिसत नाही.

भरलेल्या ट्रेलरची मर्यादा अशी हाती आली की तिच्याशी रिकाम्या ट्रेलरच्या वजनाची तुलना करू नये. ट्रेलरवरच्या पाटीवर त्याचे जास्तीत जास्त मान्य वजन दिलेले असते. ते आपल्या मर्यादेत बसत असेल तर चिंता उरत नाही. बसत नसेल, तर रिकाम्या वजनात आपल्या सामानाचा प्रामाणिक अंदाज मिळवावा. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, त्यामुळे १५० लिटरची टाकी भरली की १५० किलो वाढतात; शिवाय गॅसचे सिलिंडर आणि बॅटरी बहुधा पुढच्या बाजूला असल्याने त्यांचा बराचसा भार थेट हिचवर येतो.

याशिवाय गाडी आणि ट्रेलर यांची मिळून एक मर्यादा असते, प्रत्येक अॅक्सलची वेगळी असते, आणि हिचवरही तिची स्वतःची मर्यादा कोरलेली असते. या सगळ्यांत जी सर्वांत आधी संपते, तीच आपली खरी मर्यादा. वजन विभागणारी (ताणाच्या दांड्या असलेली) हिच बसवली तर मागच्या अॅक्सलवरचा काही भार पुढच्या अॅक्सलवर आणि ट्रेलरच्या चाकांवर जातो, आणि गाडी सरळ उभी राहते. पण तिच्यामुळे गाडीचा पेलोड किंवा ओढण्याची क्षमता एका किलोनेही वाढत नाही. विक्रेत्याने तसे सांगितले तरी विश्वास ठेवू नये.

कागदावरचा हिशेब झाला की वजनकाट्यावर जाणे आवश्यक आहे. सगळी माणसे बसवून, सामान आणि इंधन भरून, ट्रेलर जोडलेल्या अवस्थेत गाडीचा पुढचा अॅक्सल, मागचा अॅक्सल आणि ट्रेलरची चाके यांची वजने वेगवेगळी घ्यावीत. वजन विभागणारी हिच असेल तर तिच्या दांड्या या वेळी सैल ठेवाव्यात. नंतर ट्रेलर सुरक्षित जागी सोडून, माणसे आणि सामान तसेच ठेवून, एकट्या गाडीचे वजन करावे. गाडीच्या दोन्ही अॅक्सलांच्या आधीच्या बेरजेतून हे वजन वजा केले की हिचवरचा भार मिळतो, आणि तो ट्रेलरच्या चाकांवरच्या वजनात मिळवला की भरलेल्या ट्रेलरचे एकूण वजन कळते. शेवटी दांड्या ताणून अॅक्सलांची वजने पुन्हा एकदा घ्यावीत, कारण प्रवासात तीच लागू असतात.

भार १० टक्क्यांच्या खाली आला, तर जड सामान ट्रेलरच्या अॅक्सलच्या किंचित पुढे, जमिनीलगत आणि दोन्ही बाजूंना सारखे ठेवावे. मागच्या बंपरवर सायकली टांगल्या तर त्यांचे वजन फारसे नसले तरी अॅक्सलपासूनच्या अंतरामुळे हिचवरचा भार बराच हलका होतो. पाण्याची टाकी कुठे आहे हेही पाहावे. ती अॅक्सलच्या मागे असेल, तर भरलेल्या आणि रिकाम्या टाकीने भार बदलतो, आणि दोन्ही वेळी तो योग्य पट्ट्यात राहायला हवा.

वजन जमले तरी लहान व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर कमी असलेल्या) गाडीमागे लांबलचक, उंच ट्रेलर लावणे टाळावे, कारण बाजूचा वारा आणि शेजारून जाणारे ट्रक त्याच्या सपाट भिंतीला ढकलतात आणि तो धक्का गाडीच्या मागच्या भागाला बसतो. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आणि गाडीत ते चालवणारा ब्रेक कंट्रोलर असावा. ट्रेलर डुलू लागलाच तर गाडीचा ब्रेक जोरात दाबू नये. अॅक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टीअरिंग सरळ धरावे, कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक हलकेच लावावेत, आणि वेग उतरल्यावर सुरक्षित जागी थांबून सामानाची मांडणी आणि टायरांतली हवा तपासावी.