पेलेटच्या शेगडीतला खंगर: माझा अनुभव

औसा तालुक्यातील आमच्या घरी पंख्याची पेलेट शेगडी आणली, तेव्हा उसाच्या पाचटाचे पेलेट (भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या) स्वस्त मिळाले म्हणून तेच भरले. पहिली वीस मिनिटे निळसर, स्थिर ज्योत मिळायची. मग ती पिवळी पडून घरभर धूर व्हायचा आणि सासूबाईंचा खोकला वाढायचा, हे मला सहन होत नव्हते.

शेगडी थंड झाल्यावर जाळी उपसून पाहिली, तर हवेच्या छिद्रांवर काचेसारखा चकाकणारा, करड्या-हिरवट रंगाचा खंगर, म्हणजे वितळून गोठलेली राख, घट्ट चिकटलेला होता. वीटभट्टीत जास्त भाजलेल्या विटेचा असतो, अगदी तसा. पाचटात सिलिका (वाळूतला मुख्य घटक) आणि पालाश (पोटॅश) दोन्ही भरपूर असल्यामुळे त्याची राख लाकडाच्या राखेपेक्षा कमी तापमानाला वितळते, आणि मी तर पंखा सतत पूर्ण वेगाने चालवून आच वाढवतच होते.

आता मी पाचटाचे पेलेट एक वाटा आणि तुराट्यांचे तीन वाटे मिसळते, ज्योत धरली की पंखा मध्यम वेगावर आणते आणि प्रत्येक वेळी जाळी उलथन्याने खरवडते. शेतात पडून पावसाचे पाणी लागलेल्या पाचटातील बराचसा पालाश धुऊन जातो, म्हणून पेलेटवाल्यांकडे तसाच माल मागते. मात्र तयार पेलेट ओलाव्याने फुगून भुगा होतात, ते पत्र्याच्या डब्यातच ठेवावे लागतात. भाकरी होईपर्यंत ज्योत आता निळसरच राहते.