मृगाआधी कुंपण, कुंपणाआधी गव्हाण

आंब्या-सीताफळाच्या लागवडीचे खड्डे सध्या उन्हात तापत आहेत आणि पावसाला अजून पंधरा-वीस दिवस आहेत. धाराशिव, लातूर, सोलापूरकडे याच दिवसांत रान मोकळं असतं. रब्बी निघालेली, बांध वाळलेले. शेळ्या दिवसभर हिंडून अर्धपोटी घरी येतात. अशा शेळीसमोर मृगात कोवळं कलम लावणं म्हणजे तिला ताट वाढून देणंच. कुंपणाचं काम आत्ताच उरका. एकदा पेरणीची धांदल सुरू झाली की ते राहतंच.

शेळी गाई-म्हशीसारखी खाली मान घालून चरत नाही. ती शेंडा खुडते, मागच्या पायांवर उभी राहून पाच फुटांवरचा पाला ओढते. यात नुसती पानं जात नाहीत. केशरचं कलम जोडाच्या (खुंट आणि केशरची काडी जिथे जोडलेली असते त्या जागेच्या) वर खुडलं गेलं की जोडाखालून, म्हणजे रायवळ खुंटातून, जोमानं फुटवे येतात. झाड वाचलं म्हणून आपण खूश होतो, आणि काही वर्षांनी हाती येतो रायवळ आंबा. आमच्या शिवारात अशी झाडं उभी आहेत. मालकानं त्यांना वर्षानुवर्षं पाणी घातलं, त्याचं फार वाईट वाटतं. म्हणून खुडलेल्या रोपाचा जोड आधी शोधा आणि त्याखालचे फुटवे कोवळे असतानाच काढून टाका. वर एकही जिवंत डोळा नसेल तर त्या जागी दुसरं कलम लावा.

मोठ्या झाडाची साल कुरतडली असेल तर जखमेला बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. लेप वाळेपर्यंत शेळ्या तिकडे फिरकू देऊ नका, मोरचूद पोटात जाणं बरं नाही. साल खोडाभोवती पूर्ण गोल निघाली असेल तर मात्र ते झाड सहसा वाचत नाही.

आता कुंपण. उंची साडेचार-पाच फूट ठेवा, पण खरं लक्ष खाली द्या. शेळी उडी मारण्याआधी फट शोधते आणि करडू तर वीतभर जागेतून निसटतं. जाळीची खालची कड जमिनीत गाडा किंवा दगडांनी दाबा. जिथून ओघळ वाहतो तिथे पहिल्याच पावसात माती वाहून भगदाड पडतं, तिथे सुटे दगड रचा म्हणजे पाणी जाईल आणि शेळी अडेल. कोपऱ्याच्या खांबाचा तिरपा टेकू, कुंपणाला लागून रचलेली लाकडं, दगडांचा ढीग, या सगळ्यांची तिला शिडी होते. ते हलवा. काटेरी तारेवर माझा भरवसा नाही. शेळी तारांमधून घुसते आणि कास फाडून घेते. जाळीच घ्या, मात्र चौकोन इतका मोठा नको की शिंगं आत जातील आणि मागे निघणार नाहीत. घरच्या लाईनचा करंट कुंपणात कधीही सोडू नका. त्यात माणसं मेली आहेत.

जाळीला पैसे नसतील तर प्रत्येक रोपाभोवती खोडापासून दोन-अडीच हात लांब बोराटीच्या किंवा बाभळीच्या फांद्या घट्ट रोवा. शेडनेट गुंडाळू नका. शेळी ती चावते आणि धागे पोटात अडकतात. शेणकाला शिंपडलेल्या पाल्याला शेळी तोंड लावायला कचरते, पण पावसानं तो धुऊन जातो, दर सरीनंतर पुन्हा शिंपडावा लागतो. हद्दीवर निरगुडी, सागरगोटा, घायपात लावा. कण्हेर मात्र नको. तिची मूठभर पानंही शेळीचा जीव घेऊ शकतात, छाटलेली वाळकी पानंसुद्धा.

एवढं करूनही भुकेल्या शेळीपुढे कुंपण फार दिवस टिकत नाही. मोठ्या शेळीला दिवसाला साधारण 3 ते 4 किलो हिरवा आणि 1 किलो वाळला चारा लागतो. तो गोठ्यात मिळाला तर ती जाळीला धडका देत नाही. शेवरी, हादगा, सुबाभूळ यांचा पाला पेंढी बांधून तिच्या तोंडाच्या उंचीवर टांगा. खाली पडून तुडवलेला चारा ती खात नाही. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. सकाळी सोडण्याआधी तुरीचं भुसकट किंवा कडब्याची कुट्टी द्या. पहिल्या पावसानंतरच्या कोवळ्या गवतावर रिकाम्या पोटी सोडलेली शेळी फुगते. त्याआधीच आंत्रविषाराची (आतड्यात विष तयार होणाऱ्या जीवघेण्या रोगाची) लस टोचून घ्या.

शेजारच्या ज्वारीच्या खोडव्यावरही नजर ठेवा. पाण्याचा ताण बसलेली, गुडघ्याखालची कोवळी ज्वारी खाल्ली की किराळ, म्हणजे ज्वारीतल्या विषाची बाधा, लागते. शेळी जोरानं धापा टाकते, थरथरते, तोल जाऊन पडते आणि थोड्याच वेळात दगावू शकते. यावर इंजेक्शन आहे, पण ते लगेच मिळालं पाहिजे. तिला गाडीत घालण्याच्या खटपटीआधी जनावरांच्या डॉक्टरांना फोन करा आणि शेळीनं ज्वारी खाल्ली आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा.