जत्रेच्या नाटकाचा बॅनर आणि फोटोशॉपचे लेयर

जत्रेतल्या नाटकाचा बॅनर छपाईला जाईपर्यंत पक्का कधीच नसतो. कलाकारांच्या यादीत एखादं नाव राहिलेलं असतं, नाहीतर देणगीदाराच्या आडनावात वेलांटी चुकलेली असते. म्हणून हात भराभर चालला पाहिजे, पण फोटोशॉपमधले लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, सुटेच राहिले पाहिजेत. खालची बटणं विंडोजची आहेत. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड आणि ऑल्टऐवजी ऑप्शन.

आधी कीबोर्ड बघा. तो मराठीवर असला की व्ही (लेयर हलवायचं मूव्ह टूल), बी (ब्रश) अशा एका अक्षराच्या बटणांनी टूल बदलत नाही. नाव टाइप झालं की कंट्रोल+एंटरने मजकूर पक्का करा आणि मग विंडोज+स्पेसने इंग्रजीवर या. मजकूर पक्का न करताच इंग्रजीत व्ही दाबलं, तर ते अक्षर नटाच्या नावालाच चिकटतं.

सगळ्यात जास्त लागतं ते कंट्रोल+जे. फोटोत नटाचा चेहरा सिलेक्ट करून हे दाबलं की तेवढाच भाग नव्या लेयरवर येतो, मूळ फोटो शाबूत राहतो. ‘सिलेक्ट केलेली जागा रिकामी आहे’ अशा अर्थाची सूचना आली, तर भलताच लेयर चालू आहे असं समजा. लेयरच्या यादीत (लेयर पॅनेलमध्ये) फोटोच्या लेयरवर क्लिक करून पुन्हा दाबा. सिलेक्शन तसंच असतं. कंट्रोल+शिफ्ट+जे मात्र भाग कापून नेतं आणि फोटोला भोक पडतं. ते टाळलेलंच बरं.

नाटकाचं नाव सोनेरी करायचंय? सोनेरी टेक्स्चर अक्षरांच्या लगेच वरच्या लेयरवर ठेवा आणि कंट्रोल+ऑल्ट+जी दाबा. सोनं फक्त अक्षरांत दिसतं, नाव हवं तेव्हा बदलता येतं. टेक्स्चर खाली राहिलं तर जमणार नाही, कंट्रोल+] ने वर आणा.

आकड्यांनी लेयरची ओपॅसिटी, म्हणजे तो किती गडद किंवा पारदर्शक दिसतो ते, बदलते: ५ म्हणजे ५० टक्के, ० म्हणजे १००, पटकन ४ आणि ५ म्हणजे ४५. ब्रश हातात असेल तर ब्रशची बदलते, म्हणून आधी व्ही दाबा.

खरा घोळ कंट्रोल+ई करतं. नावांचे लेयर त्याने एकत्र केले की मजकुराचं चित्र होतं, मग वेलांटी सुधारायला सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. त्याऐवजी ऑल्ट+पूर्णविरामाने सर्वांत वरचा लेयर निवडा आणि कंट्रोल+ऑल्ट+शिफ्ट+ई दाबा. दिसतंय ते सगळं एका नव्या लेयरवर उमटतं, खालचे लेयर जागेवर राहतात. मधलाच लेयर निवडलेला असेल तर नवा लेयर मध्ये बसतो आणि वरच्या अर्धपारदर्शक सावल्या दुप्पट गडद होतात.

नाव बदललं? तो वरचा लेयर डिलीट करा, नाव सुधारा, पुन्हा उमटवा. छपाईवाल्याला टिफ किंवा जेपीजी द्या, लेयर सुटे असलेली फोटोशॉपची फाइल (पीएसडी) स्वतःकडे ठेवा.