हँग-फाइव्ह शिकताना आधी उतरायला शिका
फ्लॅटलँड बीएमएक्समधील (सपाट जमिनीवर छोट्या सायकलने करायच्या कसरतींमधील) हँग-फाइव्ह, म्हणजे एक पाय पुढच्या पेगवर (चाकाच्या आसाला बसवलेल्या आखूड दांडीवर) रोवून, दुसरा लोंबता सोडून आणि मागचे चाक उचलून केवळ पुढच्या चाकावर सरकत जाणे, शिकणाऱ्याने पहिले काही दिवस तोलाच्या खटाटोपात न पडता मोकळ्या पायावर सुखरूप उतरण्याचाच सराव करावा. पडण्याची धास्ती गेली की हँडलवरची मूठ आपोआप सैल होते. तोल ढळतो तो बहुधा नजर चाकावर खिळल्यामुळे. म्हणून खडी नसलेल्या सपाट काँक्रीटवर खडूने सरळ रेघ ओढावी, तिच्या टोकाकडे पाहत मंद वेगात निघावे आणि चाक रेघेवरून जेथे सुटले तेथे खूण करावी. टायरमध्ये हवा भरपूर असावी (हे आळसापोटी हमखास राहून जाते). रोज २० मिनिटे पुरेत. पाय थकले की सायकल भिंतीला टेकवावी.